नदी साफ केली सगळ्यांच्या पैशानं, मग काठाला कुलूप कुणाचं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय हे आधीच सांगते. कापायचं असेल तर माझी चिडचिड कापा, पण कायद्याचं आणि कागदपत्रांचं जे लिहिलंय तेवढं राहू द्या, इंदूरच्या बऱ्याच मोहल्ल्यांना ते उपयोगी पडेल.

विषय आहे कान्ह नदीच्या काठची पायवाट. जुन्या गावात दोन पुलांच्या मधे, आमच्या घरांच्या मागून, पाण्याच्या कडेकडेनं जाते ती. पुलांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, अर्ज चालू आहे आणि समोरच्या पार्टीला वकिलाची नोटीस पाठवायला निमित्त नको. वाट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही, कुठे फरशी, कुठे माती, एका ठिकाणी जुन्या घाटाच्या पायऱ्या, दोन माणसं बाजूबाजूनं चालतील एवढी रुंद. शाळेची पोरं ह्याच वाटेनं जातात, देवळात जाणाऱ्या बायका जातात, भाजीवाल्या टोपली घेऊन मंडीकडे जातात, कारण वरचा रस्ता म्हणजे ई-रिक्षा, बाइक आणि हातगाड्या, तिथून म्हाताऱ्या माणसाला धड चालता येत नाही. तर ह्या वाटेच्या एका टोकाला आता लोखंडी गेट लागलंय आणि वर हिंदीत पाटी, निजी मार्ग, प्रवेश निषेध. हे एका दिवसात नाही झालं. आधी गेट नुसतंच उभं होतं, उघडंच असायचं, कुणी काही बोललं नाही. मग रात्रीचं बंद व्हायला लागलं, चोऱ्या होतात म्हणे. मग लग्नाच्या सीझनला दिवसाही बंद, कारण बाजूलाच मॅरेज गार्डन आहे आणि त्यांच्या केटरिंगच्या भट्ट्या नेमक्या त्या वाटेवर लागतात. आता कुलूप कायमचंच आहे, चावी चौकीदाराकडे, आणि त्याचा मूड असला तर तो उघडतो. म्हणजे आमच्या आज्या-पणज्या ज्या वाटेनं गेल्या तिथून जायला आम्ही चौकीदाराला "भैया जरा खोल दो ना" म्हणायचं!

मला सगळ्यात जास्त राग येतो तो ह्याच्या टायमिंगचा. कान्ह जोपर्यंत नाला होती तोपर्यंत हा काठ कुणाला नको होता. काठावरच्या प्रत्येक घरानं नदीकडे पाठ केलेली, तिकडे खिडकी नाही, बाल्कनी नाही, असलाच तर संडासाचा पाइप. उन्हाळ्यात वास इतका की पाहुणे रात्री राहत नसत. तो वास आम्ही घेतला, ते डास आम्हाला चावले, आणि तरीसुद्धा वाट चालू ठेवली ती आम्हीच. मग शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर यायला लागला, २०१७ पासून तो आला आणि त्याचा मला अभिमानच आहे, पोहे खाऊन झाल्यावर द्रोण टाकायला डस्टबिन शोधणारे लोक आपण, बाहेरगावचे हसतात त्यावर, हसू देत. त्यानंतर नगर निगमनं (म्हणजे आपली महापालिका) नाला टॅपिंगचं काम हातात घेतलं, म्हणजे घराघरांतून नदीत पडणारे सांडपाण्याचे पाइप बंद करून ड्रेनेज लाइनला जोडायचे, आणि ऑगस्ट २०२१ मधे इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर झालं, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं. त्या कामात आमच्या गल्ल्या किती वेळा खोदल्या गेल्या ते आमचं आम्हाला माहीत. पुढे नमामि गंगेमधून कान्ह आणि शहरातली दुसरी नदी सरस्वती ह्यांच्यासाठी ५११ कोटींची मंजुरी आली, नवे ट्रीटमेंट प्लांट त्यातूनच. उज्जैनला २०२८ चा सिंहस्थ आहे आणि आपली कान्ह त्रिवेणीपाशी क्षिप्रेला जाऊन मिळते, त्यामुळे आता भोपाळपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना आमच्या नदीची आठवण आहे.

नदी एकदम निर्मळ झाली असं मी म्हणत नाही, वैशाखात अजून वास येतोच. पण पहिल्यासारखा नाही. आणि जसा वास कमी झाला तसा काठाला भाव आला. ज्या भिंतींना फक्त पाइप होते तिथे आता टेरेस निघतायत, लाइटिंगच्या माळा लागतायत, मॅरेज गार्डनवाले जाहिरातीत नदीकिनारी लॉन असं छापतायत. चांगलं आहे की, छापा. पण ती नदी साफ झाली माझ्या टॅक्समधून, भाजीवालीच्या टॅक्समधून (ती पण काडेपेटीपासून साबणापर्यंत सगळ्यावर जीएसटी भरतेच), आणि आता तिचा काठ मिळणार फक्त ज्याच्याकडे चावी आहे त्याला, हे कुठलं गणित?

हे आमच्याच मोहल्ल्याचं रडगाणं समजू नका. मी मुद्दाम फिरून पाहिलं, दोन्ही नद्यांच्या काठानं जुन्या गावात जिथे जिथे पूर्वी आरपार जाता यायचं तिथे कुठे शेड आलंय, कुठे कुणाची पार्किंग, कुठे देवळाच्या नावानं कट्टा वाढवत वाढवत पाण्यापर्यंत नेलाय (देवाच्या नावाचं अतिक्रमण हटवायला तर कुणी हातच लावत नाही, ते वेगळंच). काही ठिकाणी निगमनं स्वतः चांगलं काम केलंय, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी संध्याकाळी जाऊन बघा, लोक निवांत बसलेले असतात, पोरं सेल्फी काढतात. तेवढा तुकडा मोकळा आणि त्याच्या वर-खाली जागोजाग बंद. नदीकाठची वाट मधे तुटली की तिचा उपयोग संपतो, अर्धा काठ चालून परत फिरायचं असेल तर कोण येईल तिकडे? आणि लोक यायचे थांबले की दोन वर्षांत झुडपं वाढतात, कचरा पडतो, दारूच्या बाटल्या येतात, मग तेच लोक म्हणतात बघा, इथे कुणी येत नाही, बंद केलेलंच बरं. आधी येणारे बंद करायचे आणि मग कुणी येत नाही म्हणून कुलूप लावायचं!

आपलं हे शहरच मुळात ह्या दोन नद्यांच्या काठानं वाढलंय. जुनी इंदूर, हाथीपाला, कडावघाट, गणगौर घाट, ही मोहल्ल्यांची आणि पुलांची नावं ऐकली तरी कळतं. राजवाड्यावरून चालत निघालं की चार पावलांवर कृष्णाबाई होळकरांच्या आणि तुकोजीराव, शिवाजीरावांच्या छत्र्या आहेत, नदीला लागूनच. लालबागसुद्धा कान्हेच्या काठावर. राजेलोकांनी आपले महाल आणि आपल्या माणसांच्या आठवणी नदीकाठी बांधल्या पण पायऱ्या पाण्यात उतरवल्या त्या सगळ्यांसाठी. महेश्वरला जा, अहिल्यादेवींच्या किल्ल्याखालचा घाट, तिथे कोळी आहे, साधू आहे, कपडे धुणारी बाई आहे आणि फॉरेनचा टुरिस्ट पण आहे, कुणी कुणाला विचारत नाही की तू कोण. २०२५ च्या मे महिन्यात अहिल्यादेवींच्या ३०० व्या जयंतीसाठी आख्खं मंत्रिमंडळ राजवाड्यात बैठकीला आलं होतं, फुलांनी सजवला होता राजवाडा. काशीपर्यंत घाट बांधणाऱ्या बाईंच्या नावानं बैठक झाली आणि त्यांच्याच शहरात घाटाच्या पायरीला कुलूप लागलंय, हे कुणीतरी त्या बैठकीतल्या लोकांना कळवायला पाहिजे ना.

अजून एक नाव सांगते, ते आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे. पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा माणूस, मुळात जीवशास्त्राचा, नंतर नगररचनेकडे वळलेला. होळकर दरबारानं त्याला बोलावलं आणि १९१८ मधे त्यानं इंदूरच्या विकासावर दोन खंडांचा रिपोर्ट दिला. तेव्हा शहरात प्लेगची भीती होती आणि लोकांना वाटायचं हा साहेब घरं पाडायला आलाय. तर त्यानं काय केलं, दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की जो मोहल्ला सगळ्यात जास्त साफसफाई करेल त्याच्यातून मिरवणूक जाईल, आणि सफाई कामगारांना हार घालून त्या मिरवणुकीत मानानं चालवलं. शंभर वर्षांपूर्वीचं स्वच्छ सर्वेक्षणच म्हणा! ह्या माणसाचं म्हणणं असायचं की शहर सुधारायचं तर पाडापाडी कमीत कमी करा, आहे त्यातच जागा शोधा, झाडं लावा, आणि आधी चालून बघा. आमचे साहेब लोक चालून बघत नाहीत, ड्रोननं बघतात. ड्रोनला गेट दिसत नाही.

आता पुराव्याचं बोलते, कारण आमची खरी लढाई तिथेच आहे. आम्ही पहिल्यांदा झोन ऑफिसला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, वाट कागदावर कुठे आहे? आणि खरंच, पायवाट कोण कागदावर लिहितं? रजिस्ट्री घराची होते, नक्शा प्लॉटचा निघतो, वाट नुसती असते. मग आम्ही कामाला लागलो. सुरुवात केली पटवाऱ्याकडच्या जुन्या नक्शापासून. खसरा (जमीन कुणाच्या नावावर ते दाखवणारा उतारा) आणि नक्शाची नक्कल रीतसर फी भरून कुणालाही मिळते, आता एमपी भूलेखवर ऑनलाइनही बघता येतं, पण जुन्या बंदोबस्ताचा, म्हणजे पूर्वीच्या जमीन-मोजणीचा, कागद काढायला कलेक्टोरेटच्या रेकॉर्ड रूमलाच अर्ज द्यावा लागतो. त्यात बघायचं एकच, की नदीचं पात्र आणि त्याला लागून असलेली पट्टी कुणाच्या नावावर दाखवलीय. शासकीय, नजूल (म्हणजे शहरातली सरकारी जमीन), नाला, रस्ता असं काही लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं. ज्यांची घरं निगमच्या हद्दीत नंतर आलेल्या गावांमधे आहेत त्यांनी तर गावाचा वाजिब-उल-अर्ज जरूर काढावा, मध्यप्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम २४२ खाली गावातल्या वहिवाटी त्यात नोंदवायच्या असतात, पाण्याचा हक्क, मासेमारी आणि जाण्यायेण्याची वाट सुद्धा. बऱ्याच लोकांना असा कागद असतो हेच माहिती नसतं, पटवारीही स्वतःहून सांगत नाही.

आणि मग दुसरे पुरावे, ते सरकारी कचेरीत नाही मिळत, ते आपल्या घरांत आहेत. आमच्या गल्लीत कोकणस्थांची काही घरं आहेत ज्यांच्याकडे खड्याच्या गौरी असतात. भाद्रपदात बायका पाणवठ्यावर जातात, खडे वेचतात आणि तोंडातून अवाक्षर न काढता घरी घेऊन येतात, पोरी पुढे घंटी वाजवत. ह्या बायका कुठून गेल्या? ह्याच वाटेनं. एका घरी फोटो निघाला, काळा-पांढरा, नऊवारीतल्या तीन बायका घाटाच्या पायरीवर, हातात तबक, आणि मागे पूल स्पष्ट दिसतोय. त्या घरातल्या आजी आता नव्वदीच्या आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, अगं त्यात फोटो काय दाखवायचाय, सगळ्या गावाला माहितीये. हेच तर! सगळ्या गावाला माहिती असतं तेच कोर्टात सिद्ध करावं लागतं. हरतालिकेची वाळू ह्याच घाटावर सोडली, दीड दिवसाचे गणपती इथेच बोळवले, पिढ्यान्‌पिढ्यांचे दहावे इथे झाले. आणि फक्त आपलेच नाही. माळवी आणि मारवाडी बायकांची गणगौर येते, भुजरिया येतात, आता बिहारकडच्या लोकांची छठ पण. पलीकडच्या काठावर धोब्यांचे दगड होते, त्यांची पोरं आजही जागा दाखवतात. ह्यातला प्रत्येक जण जर एका स्टॅम्प पेपरवर लिहून देईल की मी अमुक सालापासून ह्या वाटेनं जातो, कुणाची परवानगी न घेता जातो, मला कधी कुणी अडवलं नव्हतं, तर तो कागद होतो. परवानगी न घेता हे शब्द महत्त्वाचे, आमच्या वकीलबाईंनी तीनदा बजावलं. तुम्ही चौकीदाराला विनंती करून गेलात की तुम्ही मेहरबानीनं गेलात असं होतं, म्हणून मी आता "खोल दो ना" म्हणत नाही, "गेट हटाओ" म्हणते आणि व्हिडिओ काढते. चौकीदार बिचारा गरीब माणूस आहे, त्याच्याशी भांडण नाही, त्याला पाणीसुद्धा आम्हीच देतो.

कायदा काय म्हणतो ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. १८८२ चा सुखाधिकाराचा (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट, पाणी असल्या हक्कांचा) कायदा आहे, त्याच्या कलम १५ मधे २० वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वाट वापरली असेल तर हक्क पक्का होतो, सरकारी जमीन असेल तर ३० वर्षं. हा हक्क खरं तर एखाद्या घराचा किंवा शेताचा असतो, सगळ्या पब्लिकच्या वाटेचं प्रकरण थोडं वेगळं, तिथे रूढी आणि सार्वजनिक वापर सिद्ध करावा लागतो, पण दोन्ही मुद्द्यांवर अर्ज करायला कुणी अडवत नाही. सार्वजनिक वाटेत किंवा नदीच्या जागेत कुणी बेकायदेशीर अडथळा उभा केला तर एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) तो हटवायचा आदेश काढू शकतात, पूर्वी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम १३३ मधे होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम १५२ आहे. हे लक्षात ठेवा, ह्यासाठी सुरुवातीलाच कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं दिवाणी दावा लढायची गरज नाही, एसडीएमकडे साधा अर्ज चालतो. तिथे काही नाही झालं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ आहे, कोर्टाच्या परवानगीनं दोन माणसंसुद्धा सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा लावू शकतात, स्वतःचं वेगळं नुकसान झालंय हे दाखवावं लागत नाही. आणि सगळ्यांच्या वर सुप्रीम कोर्टाचा कमलनाथ प्रकरणातला निकाल, १९९६ च्या डिसेंबरमधला. हिमाचलात बियास नदीच्या काठावर एका मोटेलनं नदीचं पात्रच वळवायचा उद्योग केला होता, तेव्हा कोर्टानं सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं हे सरकारकडे लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून असतात, सरकार त्याचं मालक नाही की कुणालाही देऊन टाकेल. मोटेलवाल्यांची लीज रद्द झाली. जागा तिथलीही छोटीशीच होती आणि माणसं इथल्यापेक्षा किती मोठी होती ते नावावरून कळेलच.

माझा भाचा इंग्लंडमधे असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी, इथे तर पायवाटांचा सरकारी नक्शा असतो. १९४९ च्या कायद्यानं तिथल्या कौन्सिलांना प्रत्येक सार्वजनिक पायवाट नक्शावर नोंदवायला लावली, आणि २० वर्षं लोक बिनरोकटोक चालले तर ती वाट सार्वजनिक मानायची असा तिथेही नियम आहे. थेम्स नदीच्या कडेनं उगमाकडून लंडनपर्यंत २९० किलोमीटरहून जास्त लांब वाट आहे, शेतांतून, गावांतून, बंगल्यांच्या अंगणाला खेटून. हे त्यांना कुणी ताटात वाढून दिलं नाही, १९३२ मधे किंडर स्काउटच्या डोंगरावर जमीनदारांचा बंदीहुकूम मोडून पोरं चढली होती, काही जेलमधे गेली. आणि नक्शा असूनही तिथे आजही कुणी ना कुणी कुंपण घालतोच आणि लोक भांडतातच असं भाचा म्हणतो. मला त्यात नक्शाची गोष्ट घ्यावीशी वाटली. सुखाधिकाराचा कायदा आपल्याला इंग्रजांनी दिला आणि वाटांचा नक्शा तेवढा स्वतःकडे ठेवला!

समोरच्यांचं म्हणणं मी ऐकलंय, अगदीच खोटं नाही ते. चोऱ्या होतात, हो. मागच्या भिंतीवरून चोर आला होता, आमच्याच शेजारी. रात्री काठावर बाटल्या घेऊन बसणारे असतात आणि त्यांच्यामुळे पोरींना संध्याकाळनंतर तिथून जायला नको वाटतं, मी स्वतः बाई आहे, मला हे दुसऱ्यानं सांगायला नको. पण ह्यावर उपाय म्हणून गेट लावलं तर झालं काय, बाटलीवाले भिंतीवरून उडी मारून आत जातातच, जात नाहीत ते फक्त साडीतल्या बायका आणि काठी टेकणारे म्हातारे. जिथे माणसांची ये-जा असते तिथे चोर बिचकतो, लाइट असला तर अजून बिचकतो. स्ट्रीट लाइट मागा, बीटचा पोलीस संध्याकाळी एक चक्कर मारेल असं मागा, आम्ही तुमच्यासोबत सही करू. पुराची भीतीही सांगतात, पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा कुणी वाहून गेलं तर जबाबदार कोण. बरोबर आहे, तेवढे दिवस साखळी लावा, रपटीवर (नदीवरच्या ठेंगण्या पुलावर) पाणी आलं की लावतातच ना. पावसाळ्याचे चार दिवस आणि लग्नसराईचे सगळे महिने हे एक कसं होईल?

आणि एक गोष्ट आमच्याच लोकांना सांगायचीय, जरा कडू आहे. गेट लागलं तेव्हा आपल्यातल्याच काही घरांना बरं वाटलं होतं, की चला, ती भाजीवाल्यांची आणि झोपडपट्टीच्या पोरांची वर्दळ बंद झाली, आपल्याला तर चावी मिळेलच. मिळाली का? मराठी मंडळींनी इंदुरात काय काय उभं केलं त्याचे सत्कार आपण करतो, नाट्यसंगीताला हॉल भरतो, १९१५ पासूनची साहित्य सभा आपल्याकडे आहे, आणि घराच्या मागची वाट जाते तेव्हा आपण व्हॉट्सअॅपवर हात जोडलेला इमोजी पाठवतो. भाजीवाली मात्र जनसुनवाईला (कलेक्टोरेटमधे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) आली, दिवसाचा धंदा बुडवून. तिचा अंगठा माझ्या सहीच्या वर आहे अर्जावर.

अर्जात आम्ही काय मागितलंय ते पण सांगून टाकते. त्या पट्टीचं सीमांकन करा, आर.आय. (महसूल निरीक्षक) आणि पटवारी दोघांनी जागेवर येऊन, आम्हाला आणि गार्डनवाल्यांना दोघांना आधी सूचना देऊन, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आमच्या पाठीमागे मोजलं. मोजणीत जागा त्यांची निघाली तरी आमचा वाटेचा हक्क वेगळा राहतो, शासकीय निघाली तर गेट अतिक्रमण आहे आणि तहसीलदारानं कलम २४८ खाली ते काढायचं. सीमांकन होईपर्यंत कुलूप उघडं ठेवायचा आदेश द्या. आणि शहराचा पुढचा मास्टर प्लॅन जेव्हा केव्हा येईल (जुना २०२१ पर्यंतचाच होता) त्यात कान्ह आणि सरस्वतीच्या दोन्ही काठांच्या पायवाटा रेषा ओढून दाखवा, नुसता हिरवा रंग भरून नको, हिरव्या रंगात उद्या कुणीही क्लब काढतो. सुशोभीकरण, कारंजी, म्युझिकल लाइट हे आम्ही मागितलेलं नाही, त्यात तिकीट येतं आणि तिकिटाबरोबर परत गेट.

निगमच्या लोकांनाही दोष द्यायला जीव होत नाही, एका तरुण इंजिनियरनं तर स्वतः येऊन टेप लावून मोजलं, म्हणाला मॅडम फाइल वर पाठवतो. वर म्हणजे कुठे ते काही त्यानं सांगितलं नाही. आम्ही दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारलंय की ह्या गेटाला कुणी परवानगी दिली. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. परवानगी असेल तर कागद दाखवतील, नसेल तर तसं लिहून देतील, आमचं दोन्हीत काम होतं.

आता वाचकांकडे मागणं. ज्यांच्या घरात कान्ह किंवा सरस्वतीच्या काठचे जुने फोटो असतील, लग्नाचे, मुंजीचे, विसर्जनाचे, गौरीचे, अगदी पोरांनी घाटावर काढलेले पोहण्याचे सुद्धा, त्यांनी ते शोधावेत, मागे साल आणि जागा पेन्सिलीनं लिहावी (पेन नको, शाई पुढे उतरते), आणि मूळ फोटो घरीच ठेवून कॉपी द्यावी. जुनी जमाखर्चाची वही असेल तर तीही बघा, एका घरी घाटावरच्या गुरुजींच्या दक्षिणेची नोंद सापडलीय. संपादक साहेबांची हरकत नसेल तर कॉपीचं पाकीट आपल्या कार्यालयात ठेवलं तरी आमच्यापैकी कुणीतरी येऊन घेऊन जाईल. ज्यांच्या मोहल्ल्यातही असंच गेट आहे त्यांनी पाकिटावर मोहल्ल्याचं नाव टाकावं, एकत्र अर्ज दिला तर वजन पडतं. आणि मंगळवारी कलेक्टोरेटला, मोती तबेल्यात, जनसुनवाई असते, आम्ही सकाळीच लायनीत असतो. येताना आधार कार्डची झेरॉक्स आणा, तिथे बाहेर काढायला गेलात तर रांग जाते.

आपली,
कान्हेच्या काठची एक रहिवासी
जुनं इंदूर